नेवाशाची ओवी आणि जुन्या गोव्याचे ख्रिस्तपुराण : एका कौटुंबिक यात्रेचे चिंतन

छत्रपती संभाजीनगरहून जुने गोवे सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आम्ही सहकुटुंब हा प्रवास गाडीने केला. आम्ही म्हणजे आम्ही पतिपत्नी, आठवीतील कन्या, पाचवीतील चिरंजीव आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या मातोश्री. यात्रेहून परतल्यावर अनेकांनी विचारले, ‘काय पाहिले?’ चर्चेस पाहिली, दर्शन घेतले, समुद्रही पाहिला. परंतु या वाटेवर आमच्या मराठी प्रार्थनेचा एक जुना माग आम्हांस सापडला. तो सर्व वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

निघण्यापूर्वीचा प्रश्न

यात्रेच्या काही आठवडे आधी आमच्या घरात एक वाद उद्भवला होता. रविवारच्या मराठी मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचण्याचे काम आमच्या कन्येकडे आले. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. जोडाक्षरांपाशी ती दोनदा अडखळली, मागील बाकांवर कोणीतरी हसले, आणि घरी आल्यावर तिने स्पष्ट सांगितले की यापुढे ती इंग्रजी मिस्सालाच जाईल. धाकट्याने तिची बाजू घेतली. आम्हांलाही क्षणभर वाटले, काय हरकत आहे? मिस्सा तर एकच आहे.

आमच्या मातोश्री मात्र त्या दिवशी जेवताना काहीच बोलल्या नाहीत. रात्री एवढेच म्हणाल्या, ‘‘आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. फादर काय म्हणतात ते आम्हांला कळत नसे. मराठी झाली तेव्हा पहिल्यांदा कळले. आता तुम्ही पुन्हा मला न कळणाऱ्या मिस्साला घेऊन जाणार का?’’

त्यांचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेत उपासना करण्याचा मार्ग मोकळा झाला. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हा बदल स्वतः अनुभवला आहे. त्यांच्यासाठी मराठी मिस्सा ही मागून मिळालेली ठेव आहे. आमच्या मुलांसाठी मात्र ती एक अवघड वाचनाची परीक्षा झाली होती. हा प्रश्न मनात ठेवूनच आम्ही प्रवासास निघालो.

गोदावरी ओलांडताना

पहाटे साडेचार वाजता जपमाळ म्हणून आम्ही घर सोडले. अहिल्यानगरच्या रस्त्याने तासाभरात कायगाव टोके येते. येथे गोदावरीवरील पूल ओलांडला की संभाजीनगर जिल्हा संपतो आणि अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. प्रवरा नदी येथेच गोदावरीस मिळते. पुढे थोड्याच अंतरावर नेवासे फाटा आहे. पुण्याला जाताना आपण शेकडो वेळा हा फाटा ओलांडतो, पण सहसा गावात वळत नाही. या वेळी आम्ही वळलो.

नेवासे हे प्रवरेकाठचे गाव. सन १२९० मध्ये संत ज्ञानेश्वरांनी येथे ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली असे मानले जाते. ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली, तो ‘पैस’ खांब आजही तेथे दाखवला जातो. मुलांना आम्ही सांगितले की ‘ज्ञानेश्वरी’ ओवी या छंदात आहे. जात्यावर दळताना बायका जी म्हणत, तीच ओवी. संस्कृत न येणाऱ्या माणसालाही धर्मग्रंथाचा अर्थ कळावा म्हणून घरातील हा साधा छंद ज्ञानेश्वरांनी ग्रंथासाठी वापरला.

तीनशे वर्षांनी आपल्याच जिल्ह्यातील पैठण येथे संत एकनाथ झाले. हाताने उतरवून घेताना ‘ज्ञानेश्वरी’च्या पोथ्यांत बरेच पाठभेद शिरले होते. एकनाथांनी ते तपासून सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. ओवीवर त्यांचा एवढा हात बसला होता की भागवत आणि रामायण या दोन्हींवर त्यांनी ओवीबद्ध ग्रंथ रचले. सन १५९९ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

वाचकांना वाटेल, गोव्याच्या यात्रेत नेवासे आणि पैठण कशासाठी? त्याचे उत्तर पुढे येईल. येथे फक्त १५८४ हे वर्ष ध्यानात ठेवावे. एकनाथ पैठणला पोथी तपासत होते, त्या वर्षी इंग्लंडहून आलेला एक तरुण येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात राहावयास येऊन पाच वर्षे झाली होती.

अहिल्यानगर ते सातारा

नेवाशाहून अहिल्यानगरला पोहोचलो तेव्हा ऊन वर आले होते. मराठी ख्रिस्ती माणसाने या शहरातून जाताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण काढल्यावाचून पुढे जाऊ नये. सन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ याच शहरात गेला. ते आपल्या कॅथलिक परंपरेतील नव्हते. परंतु त्यांची भजने व अभंग आज सर्व पंथांच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिले जातात. आपल्या भजनसंग्रहात रचनाकाराचे नाव पाहिले तर ते वारंवार दिसेल. सन १९१७ मध्ये ते साताऱ्यास गेले आणि १९१९ मध्ये वारले. ‘ख्रिस्तायन’ हा त्यांचा काव्यग्रंथ अपुरा राहिला होता. तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला.

मातोश्रींना टिळकांची कितीतरी भजने पाठ आहेत. पुण्यापर्यंत त्या गुणगुणत होत्या. कन्येने विचारले, ‘‘आजी, पुस्तक न पाहता तुला एवढे कसे येते?’’ मातोश्री म्हणाल्या, ‘‘मला कुठे वाचता येत होते? आई म्हणायची, तेच माझ्या तोंडी बसले.’’ तेव्हा हे उत्तर आम्ही फारसे मनावर घेतले नाही.

पुणे, सातारा, कराड मागे टाकून संध्याकाळी कोल्हापूरला पोहोचलो. कराडच्या पुढे एक चाक पंक्चर झाल्याने तासभर मोडला. एका दिवसात हा सारा प्रवास करण्याचा हट्ट धरू नये, विशेषतः सोबत वृद्ध माणसे व मुले असताना. कोल्हापुरास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निपाणी, बेळगावमार्गे चोर्ला घाट उतरावा आणि साखळीवरून जुने गोवे गाठावे, हे सोयीचे पडते.

ओसाड झालेले महानगर

जुन्या गोव्यात प्रथम येणाऱ्यास एक गोष्ट चमत्कारिक वाटते. चर्चेस भव्य आहेत, पण नगर कोठे आहे? मोठमोठ्या देवालयांभोवती हिरवळ आणि माडांची झाडे आहेत. घरे, बाजार, रस्त्यांची गजबज असे शहराचे काहीच दिसत नाही.

एके काळी येथे खरोखरच महानगर होते. पोर्तुगीजांपूर्वी मांडवीकाठचे हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकर्क याने ते जिंकले. म्हणूनच येथील से कॅथेड्रल संत कॅथरीनला समर्पित आहे. पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची ही राजधानी झाली आणि चर्चेस व मठांच्या संख्येमुळे तिला ‘पूर्वेचे रोम’ म्हणू लागले.

पुढे साथीच्या रोगांनी हे नगर पोखरले. व्यापारही डचांच्या हाती जाऊ लागला. राज्यकर्ते आधी पणजीच्या दिशेने सरकले आणि सन १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याआधी १८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले होते, त्यामुळे मठ रिकामे झाले. संत ऑगस्टीनच्या मठाचे छप्पर १८४२ मध्ये कोसळले. त्याच्या मनोऱ्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न भाग आजही टेकडीवर उभा आहे. ऊन उतरल्यावर आम्ही तेथे गेलो. चिरंजीव म्हणाला, ‘‘आपला देवगिरीसुद्धा असाच रिकामा आहे.’’ त्याचे म्हणणे योग्यच होते. राजधान्या येतात आणि जातात, हे संभाजीनगरच्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.

जुन्या गोव्यातील ही देवालये व मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

शवप्रदर्शन सोहळा म्हणजे काय?

संत फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नावार प्रांतात झाला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. हातात घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत, मुलांना गोळा करीत आणि त्यांना धर्मशिक्षण देत. काही महिन्यांनी ते तमिळ किनाऱ्यावरील कोळी बांधवांकडे गेले. त्यांना तमिळ येत नव्हते. तेव्हा त्यांनी जाणकारांच्या साहाय्याने प्रार्थनांचे भाषांतर करून घेतले, त्या पाठ केल्या आणि त्याच लोकांना शिकवल्या. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर त्यांचे निधन झाले. त्यांचे शरीर मलाक्कामार्गे मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आले. सन १६२२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

त्यांचे पवित्र अवशेष बॉम जेझूस महामंदिरात असतात. या महामंदिराचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये त्याचे अभ्यंगन झाले. भिंतींना आज गिलावा नाही, त्यामुळे जांभ्या दगडाचा तांबूस रंग दुरूनच दिसतो. अवशेषांची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी सतराव्या शतकात घडवली. खालचे संगमरवरी स्मारक टस्कनीच्या राज्यकर्त्याची भेट असून ते १६९८ मध्ये येथे उभारण्यात आले.

पहिले जाहीर प्रदर्शन १७८२ मध्ये झाले. १९६४ पासून ते साधारणपणे दर दहा वर्षांनी होते. त्या वेळी अवशेष बॉम जेझूस महामंदिरातून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेले जातात. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. आपण अवशेषांची पूजा करीत नाही. आराधना केवळ परमेश्वराची. ज्या देहात पवित्र आत्म्याने वास केला आणि ज्या पायांनी शुभवर्तमानासाठी एवढी पायपीट केली, त्या देहाचा आपण आदर करतो. रांगेत आमच्या पुढे कर्नाटकातील एक कुटुंब होते, मागे तमिळ बोलणाऱ्या भगिनींचा गट होता. पेटीपाशी क्षण-दोन क्षणच उभे राहता आले. मातोश्रींनी काचेला हात लावला आणि डोळे मिटले. बाहेर आल्यावर आम्ही त्यांना काय मागितले ते विचारले नाही.

त्यानंतर आम्ही कोकणी मिस्साला बसलो. मातोश्रींना कोकणी येत नाही, तरी त्या मन लावून ऐकत होत्या. आरंभीच्या क्षमायाचनेत ‘काकळूट’ हा शब्द वारंवार आला. मातोश्री कन्येच्या कानाशी म्हणाल्या, ‘‘काकुळती गं. दया कर म्हणताहेत.’’ कन्येला ‘काकुळती’ हा मराठी शब्द ठाऊक नव्हता. आजीकडून तो तिला गोव्यात समजला.

संत पौलाच्या कमानीपाशी

बॉम जेझूस महामंदिरापासून जवळच रस्त्याकडेला एक एकाकी कमान उभी आहे. संत पौल महाविद्यालयाचा तेवढाच भाग आता शिल्लक आहे. सन १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना येथे आला. आज आपण सकाळी वर्तमानपत्र उघडतो, मुलांना पाठ्यपुस्तके घेतो, धर्मग्रामाचे परिपत्रक वाचतो. या देशात छपाईचा आरंभ या कमानीमागे झाला.

याच नगरात २४ ऑक्टोबर १५७९ रोजी एक इंग्रज तरुण जहाजातून उतरला. फादर थॉमस स्टीफन्स हे त्याचे नाव. इंग्लंडमध्ये त्या काळी कॅथलिकांचा छळ होत होता, म्हणून त्याने रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश केला होता. गोव्यात त्यास गुरुदीक्षा मिळाली आणि पुढील सुमारे चाळीस वर्षे त्याने दक्षिण गोव्यातील साष्टी भागात काढली. सन १६१९ मध्ये तो तेथेच निवर्तला. मायदेशी तो परत गेला नाही.

फादर स्टीफन्स यांनी येथील लोकांची भाषा नुसती शिकून घेतली असे नव्हे, तर ती आपलीशी केली. त्यांनी लिहिलेले कोकणी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. परंतु मराठी माणसासाठी त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’.

ख्रिस्तपुराण काय आहे?

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांपुढे एक अडचण होती. पूर्वी ते संध्याकाळी एकत्र बसून पुराणे ऐकत. बाप्तिस्म्यानंतर ती पुराणे बंद झाली आणि त्या जागी काहीच आले नाही. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे पाठ करता येतात, पण ती रात्री अंगणात बसून गाता येत नाहीत. आम्हांलाही तसा एखादा ग्रंथ द्यावा, अशी मागणी झाल्याचे ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच आले आहे.

त्या मागणीतून जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराचा वृत्तांत येतो. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन व पुनरुत्थान येते. भाषा मराठी आहे, आणि स्थानिकांना कळावी म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले आहेत. स्वर्गासाठी लेखक ‘वैकुंठ’ असा शब्द सहज वापरतात. आणि छंद आहे ओवीचा.

आता नेवाशाचा संबंध वाचकांच्या ध्यानात आला असेल. फादर स्टीफन्स यांचे आयुष्य साष्टीत गेले. परंतु गोदावरीकाठी घडलेली ओवी मांडवी-झुआरीच्या काठी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. अभ्यासकांना त्यांच्या रचनेत ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेची छाया स्पष्ट दिसते. पैठणच्या एकनाथांच्या आयुष्याची शेवटची वीस वर्षे आणि फादर स्टीफन्स यांची गोव्यातील पहिली वीस वर्षे एकाच काळातील आहेत. आणखी एक योगायोग सांगावासा वाटतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आपले आजचे शहर. त्यानंतर सहाच वर्षांनी, १६१६ मध्ये, ख्रिस्तपुराण गोव्यातील राशोल येथे छापले गेले.

मात्र ते छापले गेले रोमन लिपीत. देवनागरीची जोडाक्षरे छापायची तर शेकडो वेगवेगळे खिळे पाडावे लागत, आणि ती सोय त्या काळी तेथे नव्हती. येथील लिपीत छपाई करता यावी अशी विनंती फादर स्टीफन्स यांनी १६०८ च्या पत्रात रोमला केली होती, पण त्यांच्या हयातीत ती साध्य झाली नाही. हे सांगितल्यावर कन्या प्रथमच हसली. म्हणाली, ‘‘म्हणजे जोडाक्षरांनी त्यांनाही छळले होते!’’

या नगराची दुसरी बाजू

या इतिहासाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. ज्या काळात एक धर्मगुरू मराठीत ओव्या रचत होता, त्याच काळात त्याच सत्तेखाली येथील लोकांची देवळे पाडली गेली होती आणि त्यांचे ग्रंथ नष्ट केले जात होते. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेले धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये. सन १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली, महाज्युबिलीच्या वर्षी, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जबरदस्तीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. जुन्या गोव्यात उभे राहून आम्हांस त्या क्षमायाचनेचे मोल अधिक कळले.

फर्मानाने कोकणी मेली नाही. घरात आई मुलाशी जी भाषा बोलते, तिच्यावर व्हाइसरॉयचा हुकूम चालत नाही. परंतु लोकभाषेत ग्रंथ लिहिण्याची परंपरा खुंटली. ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यानंतर छपाई थांबली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही.

मग ग्रंथ टिकला कसा?

हा प्रश्न आमच्या चिरंजीवाने विचारला, आणि आमच्या साऱ्या यात्रेचे सार त्याच्या उत्तरात आहे.

गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे मंगळूरच्या भागात स्थलांतरित झाली. जाताना त्यांनी ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती सोबत नेल्या. छपाई नव्हती, म्हणून हाताने नकला केल्या. उपवासकाळात आणि सणावारी घरांत व देवालयांत त्या मोठ्याने म्हटल्या जात. सन १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तेथील हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले. ती कैद १७९९ पर्यंत चालली. त्या काळातही या ओव्यांनी लोकांना धीर दिला, असे परंपरा सांगते. अशा जपून ठेवलेल्या हस्तलिखितांवरूनच मंगळूर येथे १९०७ मध्ये हा ग्रंथ पुन्हा छापला गेला, तोही रोमन लिपीत. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध केली. मूळ ग्रंथानंतर तीनशे चाळीस वर्षांनी तो मराठी लिपीत आला. अलीकडच्या काळात सालेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फलकाव यांनी आधुनिक मराठी अनुवादासह तो वाचकांस उपलब्ध करून दिला आहे.

एक लक्षात घ्यावे. ज्या नगरात छापखाना होता, सत्ता होती, महाविद्यालय होते, ते नगर ओसाड झाले आणि तेथील छापील प्रती नाहीशा झाल्या. ग्रंथ वाचवला तो कुटुंबांनी. आजीने म्हटले, नातवाने ऐकले, कोणी तरी उतरवून घेतले. त्यांच्यापैकी कित्येकांची बोलीही मराठी नव्हती, ती कोकणी होती. तरीही ही ओवी त्यांनी सोडली नाही.

अहिल्यानगरच्या पुढे गाडीत मातोश्री जे म्हणाल्या होत्या, ते येथे आठवले : ‘आई म्हणायची, तेच माझ्या तोंडी बसले.’

राशोलची भेट

परतीपूर्वी आम्ही मडगावजवळील राशोल येथे गेलो. कोकणीत त्यास रायतूर म्हणतात. झुआरी नदीच्या परिसरातील या टेकडीवर एके काळी किल्ला होता, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी येथे उभारलेल्या वास्तूत आजही धर्मगुरू घडवले जातात. ते चालते गुरुविद्यालय असल्याने आधी विचारून, शांतता राखूनच जावे. याच ठिकाणच्या छापखान्यात १६१६ मध्ये ते पुराण छापले गेले, एवढे सांगून आम्ही मुलांना देवालयात नेले. कन्येने आजीच्या शेजारी बसून मोबाइलवर लिहून आणलेली प्रार्थना हळू आवाजात वाचली. तीच श्रद्धावंतांची प्रार्थना होती, जी वाचताना ती अडखळली होती. या वेळीही एका शब्दापाशी थांबली. मातोश्रींनी तो शब्द सांगितला आणि ती पुढे वाचू लागली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

परंपरेनुसार पुढील शवप्रदर्शन सोहळा २०३४ मध्ये अपेक्षित आहे. परंतु दर्शनासाठी तोपर्यंत थांबण्याची गरज नाही. बॉम जेझूस महामंदिरात अवशेषांची पेटी वर्षभर उंचावर दिसते. दरवर्षी ३ डिसेंबरला संतांचा सण असतो व त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. त्या दिवसांत बेळगाव व सिंधुदुर्गाकडून पायी येणारे यात्रेकरूही भेटतात. गर्दी टाळावयाची असल्यास जानेवारीच्या उत्तरार्धात वा फेब्रुवारीत जावे. जाण्यास दोन, पाहण्यास दोन आणि परतण्यास दोन असे सहा दिवस हाताशी असावेत. देवालयांत खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा. आणि शक्य असल्यास नेवासे फाट्यावर गाडी अवश्य वळवावी.

शेवटी

प्रेषितांच्या कृत्यांत पवित्र आत्म्याच्या आगमनाचा प्रसंग आपण दरवर्षी ऐकतो. त्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. सर्वांना एक भाषा बोलावयास लावण्यात आली नाही. संत फ्रान्सिस झेवियरांनी पाठ केलेल्या तमिळ प्रार्थना, फादर स्टीफन्स यांची ओवी, टिळकांची भजने आणि आपली मराठी मिस्सा या साऱ्यांचे मूळ त्या दिवसात आहे.

इंग्रजी मिस्सामध्ये काही उणे आहे असे आमचे म्हणणे नाही. आमची मुले आजही कधीकधी इंग्रजी मिस्साला जातात. पण आमच्या घरात आता एक नवा नेम आहे. रात्रीच्या जपमाळेनंतर ग्रंथालयातून आणलेल्या ख्रिस्तपुराणाच्या चार ओव्या वाचल्या जातात. कन्या वाचते, चिरंजीव कठीण शब्द वहीत उतरवतो, आणि जेथे आम्ही दोघेही अडतो तेथे मातोश्री अर्थ सांगतात. कधी कधी त्यांनाही कळत नाही. मग आम्ही पाचही जण अंदाज बांधतो आणि अनुवाद काढून पाहतो.

गेल्या महिन्यात धर्मग्रामात वाचकांची यादी लागली. श्रद्धावंतांच्या प्रार्थनांपुढे आमच्या कन्येचे नाव होते. ते तिने स्वतःच दिले होते.